साधनशूर

कोल्हापुरात बिननादाचा माणूस हवा असेल तर बाहेरगावाहून आणावा लागेल. कुणाला तालमीचा नाद, कुणाला फुटबॉलचा, कुणाला कबुतरांचा. आमच्या गल्लीतल्या अण्णांना सामानाचा नाद आहे. छंद कुठलाही असो, त्याला लागणारं सामान ते असं निवडून आणतात की दुकानदारानं उभं राहून ऐकावं. सामान पुरं झालं की छंद संपला. त्यांच्या घरी सुरात लावून आणलेली पेटी आहे, गिअरची सायकल आहे, आणि कॅमेऱ्याची एक तिपाई आहे, जिच्यावर गेली तीन वर्षं काकूंची गौर उभी राहते.

तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये नेमबाजीत जगज्जेती झाली, तेव्हा अण्णा पेटीत होते. राही सरनोबत पदकांवर पदकं आणत होती, तेव्हा ते सायकलीत होते. पण १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ घेतलं आणि अण्णा नेमके रिकामे सापडले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या ब्राँझनंतर महाराष्ट्राच्या माणसाचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक हे! "आता नेमबाजी," अण्णा म्हणाले. "रक्तातच हाय की वो आपल्या." अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. रक्तात होती ती मधुमेहाची गोळी.

बंदूक दोन दिवसांत ठरली. दाबलेल्या हवेवर चालणारी, साडेचार मिलिमीटर छर्‍याची एअर रायफल. नेम धरायची साइट ठरायला मात्र चार महिने लागले. अण्णांच्या थोरल्याचं लग्न दोन बैठकांत जमलं होतं.

त्या चार महिन्यांत आम्ही मिसळ शांतपणे खाल्लेली नाही. "सहा ते चोवीस गुणिले पन्नास म्हंजे काय, सांग," असं म्हणून अण्णा पावाचा तुकडा उभा धरत. "सहापट ते चोवीसपट मोठं दिसतं. आणि पुढची काच पन्नास मिलिमीटरची. काच मोठी, उजेड जास्त." मग कटाच्या तवंगावर शेवेच्या दोन काड्या आडव्या-उभ्या ठेवून ते आतली फुली दाखवत. फुली विरघळली की मिसळ खायची परवानगी मिळे.

शेवटी दुर्बीण आली. ती रायफलीवर बसवून आम्ही रेंजवर गेलो. तिथली प्रशिक्षक ताई विशीतली. तिनं दुर्बिणीकडं पाहिलं, अण्णांकडं पाहिलं आणि म्हणाली, "काका, बघा बरं काय दिसतंय."

अण्णांनी डोळा लावला. बराच वेळ गेला. "आंबोली," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"नुसतं धुकं."

ही दुर्बीण शंभर यार्डांवरचं स्पष्ट दिसावं म्हणून बसवलेली. आमचं लक्ष्य दहा मीटरवर. शिवाय, ताईनं हळूच सांगितलं, दहा मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. ती आता अण्णांच्या गच्चीवर असते. तिच्यातून जोतिबाचा डोंगर झकास दिसतो.

पुन्हा शोध. या वेळी पीप साइट. मागं डोळ्याशी बारीक छिद्राची चकती, पुढं नळीच्या टोकाला बोगद्यात बसवलेली रिंग. त्या रिंगेत समोरचा काळा गोल चारी बाजूंनी सारखी पांढरी कड ठेवून बसला की चाप ओढायचा. जुन्या बंदुकीची माशी जाऊन तिथं बांगडी आली, एवढं समजलं तरी पुरतं. पण ही बांगडी मिलिमीटरच्या दशांशानं बदलते. साडेतीन, तीन पूर्णांक सहा, तीन पूर्णांक आठ. अण्णांनी सगळ्या मागवल्या.

पारखायला लक्ष्य हवं. अण्णांनी बँकेतला हिशेब काढला. दहा मीटरवरचा काळा गोल साडेतीस मिलिमीटरचा, तर तीन मीटरवर तो नऊचा हवा. काकूंच्या डबीतली मोठी काळी टिकली बरोब्बर नऊची निघाली. ती भिंतीला चिकटवून अण्णा रोज तासभर तिच्याकडं एका डोळ्यानं बघत उभे राहत. काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "ती टिकली माझ्या कपाळावर चाळीस वर्षं होती. तवा इतकं निरखून बघितलं न्हाई कवा."

शेवटी तीन पूर्णांक आठ ठरली आणि आम्ही दुसऱ्यांदा रेंजवर उभे राहिलो. कागदी कार्डावरची दहाची खूण म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. मोहरीचा दाणासुद्धा त्याच्यापुढं कलिंगड. अण्णांनी श्वास धरला. ठप्प. सात, डावीकडं खाली. अण्णांनी लगेच साइटचा नॉब फिरवला, कट कट कट. दुसरा छर्रा उजवीकडं वर. उलटं कट कट. तिसरा पुन्हा डावीकडं. छर्रा जिकडं जाईल तिकडं साइट, आणि साइट जाईल तिथून छर्रा पसार. हरवलेल्या म्हशीमागं कासरा घेऊन पळावं तसं चाललं होतं.

"काका," ताई म्हणाली, "नॉबला हात लावायचा नाही. आधी पाच मारा. एक छर्रा काहीही सांगतो. पाच कुठं गोळा होतात ते बघायचं, आणि मग ग्रुप मधे सरकवायचा. साइट ग्रुप सरकवते. जमवत नाही."

"मग जमवतं कोण?"

"तुम्ही."

अण्णा गप्प झाले. अण्णांसारखे साधनशूर इथंच अडतात. साधनाला नॉब असतो. डावीकडं चुकलं की दोन खटके उजवीकडं, काम झालं. श्वासाला नॉब नाही, गुडघ्याला नाही, 'आत्ता दहा लागणार' या घाईला तर नाहीच. म्हणून चूक सापडेल ती वस्तूतच सापडावी, अशी या माणसांची श्रद्धा असते. मी हसतोय खरा, पण महागडं पेन आल्याशिवाय कादंबरी सुरू करायची नाही, असं मीही एकदा ठरवलं होतं. पेन आहे.

अण्णांनी मग शंका काढल्या. वारा? हॉल बंद होता. छर्‍याचं डोकं चार पूर्णांक एकोणपन्नासचं आहे का पन्नासचं? चष्मा दुहेरी काचेचा, त्यातली वाचायची काच आड येते का? हा मुद्दा मात्र ताईनं मान्य केला, आणि अण्णांचा चेहरा पदक मिळाल्यासारखा उजळला.

मग त्यांनी खरंच नॉब न फिरवता पाच छर्रे मारले. आम्ही कार्ड मागवलं. एकही नवं भोक नाही.

तेवढ्यात शेजारच्या लेनमधला दहावीतला पोरगा हात वर करून म्हणाला, "ताई, मी दहाच मारलेत. माझ्या कार्डावर पंधरा भोकं हायत."

त्यातली पाच दाटीनं शेजारी शेजारी होती आणि एक तर थेट त्या ठिपक्यावर. रेंजवर शांतता पसरली. दुसऱ्याच्या कार्डावर मारलेला छर्रा आपल्या खात्यात शून्य, हा नियम ताईनं जमेल तितक्या मायेनं सांगितला.

अण्णांनी ते कार्ड उजेडात धरलं, भोकांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं वळले.

"म्हंजे साइट बरोबर होती की वो!"

घरी येताना ते स्कूटरवर मागं बसून एक शब्द बोलले नाहीत. गंगावेशीला त्यांनी खांद्यावर टिचकी मारली. "त्या पोराचे बूट बघितलेस? सपाट तळ. ताठ. पाऊल जरा म्हणून वळत न्हाई. माझं पाऊल वळलं, म्हणून नळी त्याच्या कार्डाकडं गेली."

अण्णा सध्या बुटांत आहेत.