आज पीएच किती आला हो?

ऐकलंत ना? ज्या माणसानं उभ्या जन्मात घरचा माठ भरला नाही, तो आता सकाळी सहाला परसात उकिडवा बसून पाण्याची परीक्षा घेतो! शेजारच्या वहिनी कुंपणाशी काही विचारायला गेल्या, तर घरची बाई तोंडावर बोट ठेवून म्हणते कशी, "हळू बोला, ते पीएच पाहून राह्यले." बाप्पा बाप्पा! अडतीवर माणसं खोळंबलीत, दुकानाचं शटर उघडायचंय आणि धनी पीएच पाहून राह्यले!

खामगावला हौसेचं वावडं कधीच नव्हतं. कापसापायी १८७० साली या गावानं जलंबपासून आपल्यापुरता रेल्वेचा फाटा पदरात पाडून घेतला, आणि त्याच्या उद्घाटनाला साक्षात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो येऊन गेला. चांदीच्या पेढ्यांनी गावाचं नाव रजतनगरी करून टाकलं. सगळा मुलूख नवरात्रात देवी बसवतो-उठवतो, तर आमची मोठी देवी कोजागरीला बसते. तेव्हा गावाला आपली वेगळी खोड आहे, हे मान्य. पण बंगल्यामागे स्विमिंग पूल? ज्या गावाला गेरू माटरगावच्या धरणातून पाणी येतं आणि नळाची वाट पाहायची सवय आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना आहे, त्या गावात?

हिशेब तर ऐका. २० फूट लांब, १० फूट रुंद, सरासरी साडेचार फूट खोल, म्हणजे घरगुतीत घरगुती. त्यात मावतं २५ हजार लिटर. ५ हजाराचे पाच टँकर. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली, तिच्या पहिल्या फेरीत १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी होतं. म्हणजे एका वाघिणीत असे दोन पूल. हे आम्ही पूलवाल्या घरी बोलून दाखवलं, तर उत्तर आलं, "आम्ही बोअरचं भरलं ना!" जणू बोअर त्यांच्या माहेरून आलीय.

आणि त्या बोअरनंच पहिला तमाशा केला. पाणी भरलं, तळाच्या निळ्या फरश्या लख्ख दिसायला लागल्या, नारळ फुटला, क्लोरीन पडला. तासाभरात सगळा पूल तांबूस! गल्लीत चर्चा अशी की ठेकेदारानं रंग कच्चा लावला. रंग कशाचा? बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह असतं, ते क्लोरीन लागताच गंजाच्या रूपात बाहेर येतं. मग रात्रभर तुरटी, सकाळी तळाला बसलेला गाळ व्हॅक्यूमनं ओढून सरळ बाहेर सोडायचा. फिल्टरमधून नाही हं, फिल्टरमधून गेला की वाळू खराब.

ठेकेदार? तो किल्ली, पातळसं माहितीपत्रक आणि मोटरचं बटण दाखवून केव्हाच गेला. मालकाला वाटलं होतं, पूल म्हणजे खड्डा अधिक पाणी. आता त्याला कळतंय की नवा पूल म्हणजे नवा जावई, पहिला महिना नुसता रुसवे काढण्यात जातो. सिमेंट आणि फरश्यांच्या फटीतला चुना पाण्यात उतरत राहतो, पीएच रोज वर चढतो, आणि मालक रोज मापानं ॲसिड घालून तो खाली आणतो. पीएच हवा ७.२ ते ७.६. तो ८ च्या वर गेला की पाण्यात क्लोरीन असून नसल्यातच जमा. तपासणीच्या नळीत रंग दिसतो, पण जंतू आणि शेवाळ त्याला भीक घालत नाहीत. आपल्याकडची बोअर मुळातच जड पाण्याची. पीएच चढला की तो जडपणा फरशीवर पांढऱ्या किटाच्या रूपानं बसतो, आणि तो काढायला मालकीणबाईंची घासणी कामाला येत नाही.

ती परीक्षा एकदा जवळून पाहावी अशी असते. धनी आधी बाही वर करतात. पाणी वरवरचं घ्यायचं नाही, कोपरभर आतून घ्यायचं, आणि जिथून फिल्टरचं पाणी परत येतं त्या तोंडापासून लांब. नळ्या दोन. एकीत पाच थेंब या बाटलीतले, दुसरीत पाच थेंब त्या बाटलीतले. अंगठ्यानं नाही, झाकणानंच बंद करून हलवायचं, कारण अंगठ्याचा घामही आकडा बिघडवतो. मग दोन्ही नळ्या पांढऱ्या भिंतीसमोर धरून, एक डोळा मिटून, तोंडानं "हं... हं..." पीएचची नळी पिवळट आली तर पाणी आंबट, लालगुलाबी आली तर चढलेलं. क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅमच्या दरम्यान हवा. कापसाची प्रत बोटांनी धागा ओढून सांगणारा माणूस इथे गुलाबी आणि नारिंगीच्या मधे अडकून बायकोला हाक मारतो, "अगं, हा रंग कोणता म्हणायचा?" ती सांगते, "अबोली." संपली परीक्षा.

क्लोरीनचं प्रकरण तर खमंगच आहे. पहिल्या आठवड्यात हौसेनं तो भर दुपारी टाकला. विदर्भातलं मे महिन्याचं ऊन! ४४ डिग्रीत माणूस टिकत नाही तिथे क्लोरीन कुठला टिकतो? काही तासांत सूर्यानं सगळा खाल्ला. म्हणून तो संध्याकाळी टाकायचा, रात्रभर मोटर चालू. कोणी सांगितलं, सायन्युरिक ॲसिडवाल्या गोळ्या वापरा, ऊन लागत नाही. खरंय. पण गोळी विरघळून जाते आणि ते ॲसिड पाण्यात साठत जातं. फार साठलं की क्लोरीनचाच हात बांधला जातो, आणि मग पाणी बदलण्याशिवाय इलाज नाही. पुन्हा टँकर! कोणी मोरचुदाचा सल्ला दिला. शेतकऱ्याच्या घरात मोरचूद असतंच, टाकलं मुठीनं. शेवाळ गेलं, पण रोज डुंबणाऱ्या आजोबांच्या पांढऱ्या शुभ्र केसांवर हिरवी झाक आली. हे मोरचुदातल्या तांब्याचं काम. बिचाऱ्या क्लोरीनवर उगाच आळ येतो.

ऋतूंचेही मान असतात. जिनिंगच्या वाऱ्याला घर असेल तर हंगामात रुईचे तंतू येऊन पाण्यावर बसतात, आणि पंपाच्या जाळीची टोपली काढली की त्यातून ओला कापूस निघतो. चैत्रात कडुनिंबाचा बहर पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या स्किमरच्या तोंडाशी गच्च. पावसाळ्यात बेडूक येतात, त्यांना तर निमंत्रणपत्रिका लागतच नाही.

त्यात आता पूल-हळद! हो, लग्नाची हळद पाण्यात उतरून. नवरदेव पिवळा, करवल्या पिवळ्या, फोटोवाला काठावर आडवा, आणि दुसऱ्या दिवशी पूल वरणासकट पंगत उठल्यागत. शाळेतला प्रयोग आठवतो का? हळदीला खार लागला की ती लाल होते. पीएच चढलेल्या पुलाच्या काठच्या किटावर हळद लागली, आणि विहीणबाईंनी तांबडे डाग पाहून तोंडाला पदर लावला. वर केसांचं तेल, अत्तर, घाम. त्या रात्री पुलाला असा भपकारा सुटला की यजमान अभिमानानं म्हणाले, "पाहा, किती क्लोरीन टाकलंय!" उलट आहे साहेब. तो झणझणीत वास आणि ती डोळ्यांची आग क्लोरीन कमी पडल्याची खूण आहे. घाम आणि लघवीतल्या नत्राशी क्लोरीनचं लग्न लागलं की क्लोरामाइन होतं, आणि वास त्याचा. त्यावर उपाय म्हणजे एकदाच दणकून क्लोरीन, आणि आकडा खाली येईपर्यंत पोहायला बंदी. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे उतरण्याआधी अंघोळ. पण पाहुण्याला "आधी अंघोळ करा" असं सांगायची छाती कोणाची?

आता सगळ्यात कळस. क्लोरीनची कटकट नको म्हणून काही घरांत मिठाचं यंत्र आलं. पाण्यात मीठ टाकायचं, यंत्र विजेनं त्यातूनच क्लोरीन काढतं. लिटरला तीन-साडेतीन ग्रॅम, म्हणजे २५ हजार लिटरला ७५ ते ८७ किलो मीठ. पोत्यानं! पलीकडे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गोड पाण्याच्या हंड्यासाठी वणवण करतात, आणि इथे बंगल्यात आम्ही पैसे देऊन गोड पाणी खारट करतो. हसावं की रडावं? तेही एक वेळ चाललं असतं. पण वाळूचा फिल्टर उलटा धुतला की दर वेळी चार-पाचशे लिटर पाणी बाहेर पडतं, आणि ते खारट पाणी मालक मोठ्या काटकसरीनं बागेत सोडतात. काळ्या मातीत सोडियम बसलं की ती चिकण होते, पाणी मुरू देत नाही, वाळली की दगड. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला विचारा, तो हे एका वाक्यात सांगेल. दोन वर्षांत लिंबाचं झाड का वाळलं म्हणून मग कृषी सहायकाला बोलावणं जातं.

फिल्टर धुण्याचीही एक गंमत. त्याच्या डोक्यावर सहा घरांचा दांडा असतो. दाब नेहमीपेक्षा ८-१० पौंडांनी चढला की धुवायचा, आणि दांडा फिरवण्याआधी मोटर बंद. हे ज्यानं विसरलं त्याच्या दांड्याखालचं रबर गेलं, आणि तो अकोल्याच्या वाऱ्या करतोय असं ऐकतो. विजेचं म्हणाल तर १ एचपीची मोटर ८ तास चालली की ६ युनिट. रोज. पोहा नाहीतर नका पोहू.

आमचा खरा राग मात्र एकाच आकड्यावर आहे. मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला एक सेंटिमीटर सहज उडतं. या पुलाच्या पृष्ठभागावर ते होतं सुमारे १८५ लिटर. शहरातल्या माणसामागे दिवसाला १३५ लिटर असा सरकारी हिशेब आहे. म्हणजे हा निळा पाहुणा नुसता पडून राहून घरातल्या कोणाही माणसापेक्षा जास्त पाणी पितो! बंगळुरूनं मार्च २०२४ मध्ये टंचाईत पोहण्याच्या तलावांना पिण्याचं पाणी वापरायला बंदीच घातली होती, मोडल्यास ५ हजार दंड. आमच्याकडे अजून कोणी एवढं टोक गाठलेलं नाही, पण शेजाऱ्यांची नजर काय कमी असते?

आता तक्रारी पुष्कळ झाल्या. खरं सांगायचं तर ज्यानं हे सगळं शिकून घेतलं त्याचं पाणी वर्षानुवर्षं बदलावं लागत नाही, आणि ज्यानं नोकरावर सोडलं त्याचा पूल हिरवा होऊन दर चार महिन्यांनी रिकामा होतो. खामगावच्या विहिरींत पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकलेली पिढी आता गुडघेदुखीमुळे विहिरीत उतरत नाही. तिला हा साडेचार फुटांचा पूल फार बरा वाटतो, हेही आम्ही पाहिलंय. तेव्हा बांधा खुशाल. फक्त चार गोष्टी ऐका. ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. ब्लीचिंग पावडर आणि त्या सायन्युरिक ॲसिडवाल्या गोळ्या एका डब्यात, एका मगात, एका कपाटात ठेवू नका, भडका उडतो; आणि ॲसिडशी गाठ पडली तर विषारी वायू सुटतो. वापर नसेल तेव्हा पाण्यावर झाकण घाला, म्हणजे ते १८५ लिटर बरेचसे वाचतील. पण कापसावरची सैल ताडपत्री नको, तिच्यावर पाय पडलेलं मूल तिच्यासकट खाली जातं. झाकण काठाला ताणून बांधलेलं हवं. आणि भोवती चार फुटांचं कुंपण, आपोआप मिटणारं दार, कडी वरच्या बाजूला. फरशी कोणत्या रंगाची घ्यायची हे ठरवण्याआधी ठेकेदाराकडून या कुंपणाचा भाव लिहून घ्या.