फुगडीला तिसरी

आमच्या मलकापुरात कुणाच्या दारी मांडव पडायचा असला की आदल्या संध्याकाळी परसदाराकडून हाक येते, "काकू, केळीचे दोन खुंट मिळतील काय?" मग कोयता निघतो. केळ तोडताना तुम्ही कधी जवळ उभे राहिला आहात? लाकूड तुटल्याचा आवाज येत नाही. ओल्या गादीवर कुणीतरी धपकन बसावं तसा येतो. आत लाकूड नसतंच. सोपावर सोप गुंडाळलेला आणि प्रत्येक सोपाच्या कप्प्याकप्प्यात पाणी. बाहेरून उंच, ताठ, जरा करडी वाटणारी एखादी आत्या असते ना, तशी ही केळ. आत सगळा ओलावाच. तिचा चीक सदऱ्यावर पडला की डाग जन्मभर जात नाही. माझ्या कपाटात असे तीन सदरे आहेत आणि प्रत्येक डागाला कुणा ना कुणाच्या लग्नाची तारीख आहे.

लहानपणी मी आजीला विचारलं होतं, लग्नाला केळच का? हे गाव विशाळगडच्या जहागिरीचं ठाणं. इथं वंशावळीला मान फार. आजी म्हणाली, "वंश वाढावा म्हणून रं. बघ की, एक पडली की बुडातनं चार उभ्या." बघितलं तर खरंच होतं. केळ एकदाच निसवते, घड उतरला की तिचं आयुष्य संपतं, पण तोवर भोवती मुनव्यांचा घोळका जमलेला असतो. आजीचं म्हणणं मी पुढं चाळीस वर्षं शंका न घेता बाळगलं.

मग कधीतरी वाचनात आलं, की आपण खातो ती बहुतेक केळी वांझ असतात. मला उगाचच त्या साऱ्या मांडवांतल्या नवरानवरींची काळजी वाटली. कारण वाचलं तेव्हा तर हसावं की हळहळावं कळेना. केळीच्या पेशीत गुणसूत्रं असतात ३३, म्हणजे अकरा-अकराचे तीन संच. बी धरायचं तर गुणसूत्रांनी जोडीजोडीनं उभं राहायला हवं, आणि इथं प्रत्येक जोडीला एक तिसरी. आमच्याकडं पंचमीला अंगणात फुगड्या रंगतात. फुगडीला दोघी लागतात. तिसरी आली की ती पदर खोचून उभी राहते, "मला पण घ्या की गं" म्हणते, आणि घातलेली फुगडीसुद्धा मोडते. केळीच्या पोटात अशा अकरा फुगड्या एकदम मोडतात. केळं आडवं कापलं की मधोमध काळे बारीक ठिपके दिसतात ना, ती तिची न झालेली लेकरं. शिकरणात आपण ती साखर घालून खातो.

जिला लेकरं होतात ती केळ वेगळी. आंबा घाट उतरू लागलं, की पावसाळ्यात कातळाच्या कपारीत चवई दिसते; कुणी तिला कवदर म्हणतं, कुणी नुसतं रानकेळ. बुडाला चांगली गरगरीत, वर रुंद पानांची छत्री. पावसाबरोबर येते, ऊन तापलं की पानं गळून नाहीशी होते. एसटीच्या खिडकीतून ती मला नेहमी कड्याच्या टोकाला पदर सावरून बसलेल्या माहेरवाशिणीसारखी वाटत आलेली आहे. शाळेत असताना एकदा तिचं फळ सोलून पाहिलं. गर नावाला, बाकी वाटाण्याएवढ्या काळ्या कठीण बिया. दातांनी हार खाल्ली; बिया मात्र चिंचोक्यांबरोबर खेळात बरीच वर्षं टिकल्या. ही केळीची सख्खी नव्हे, चुलत बहीण. हिची गुणसूत्रं १८, नऊ फुगड्या बरोबर जमतात. पण हिला मुनवे फुटत नाहीत. एकदा निसवायचं, बिया टाकायच्या आणि एकटीनं मरायचं. खरा वंश वाढतो तो हिचा, आणि हिला आजवर एकाही मांडवाचं बोलावणं आलेलं नाही.

शास्त्रज्ञांनीही आधी बियांच्याच केळीला पाट मांडला, हे वाचून मला बरं वाटलं. २०१२ साली फ्रेंच संशोधकांच्या पुढाकारानं केळीचा जनुकसंच पहिल्यांदा उलगडला गेला, तो पहांग नावाच्या मलेशियातल्या एका रानकेळीच्या वाणाचा. जनुकं निघाली ३६ हजारांवर. माणसाची साधारण २० हजार. तेव्हापासून फळाच्या गाडीवर केळीची फणी उलटीपालटी करून बघताना मी जरा अदबीनं वागतो. ही रानकेळ आपल्या खायच्या केळीची एक पूर्वज; पुढं २०१९ मध्ये दुसऱ्या रानटी पूर्वजाचाही संच वाचून झाला. पहिल्याकडून गोडवा आला, दुसऱ्याकडून चिवटपणा. कोकणातल्या राजेळीत पहिल्याचे दोन हिस्से आणि दुसऱ्याचा एक. आपली चिमुकली वेलची दोघांचा एकेक घेऊन बसली आहे.

बाजारात मात्र हे गोत नांदताना दिसत नाही. परवा मी गाडीवाल्या मावशींना विचारलं, "जवारी हायत का?" त्या म्हणाल्या, "जवारी आता कुठली, दादा? जी-नाईन न्या, ग्वाड हाय." हे जी-नाईन म्हणजे ग्रँड नैन, मूळ फ्रेंचमध्ये अर्थ 'मोठी बुटकी'.  ही बुटकी आणि जळगावची बसराई या दोघी एकाच कॅव्हेंडिश गोत्रातल्या. ते नाव एका इंग्रज उमरावाच्या घराण्याचं. त्याच्या माळ्यानं १८३० च्या दशकात चॅट्सवर्थच्या काचघरात हे झाड वाढवलं होतं. मुनव्यातून मुनवा, नाहीतर टिश्यू कल्चरच्या बाटलीतून बाटली. मधे नवं माणूस येतच नाही. मी लहानपणी खाल्लेली बसराई आणि काल माझ्या नातवानं खाल्लेली बसराई, खरं म्हणजे एकाच बाईचा हात.

अशा एकचेहरी घराण्याला एक दुखणं पुरतं. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य बाजारात ग्रो मिशेल नावाची केळ होती. मातीतल्या एका बुरशीनं तिच्या बागाच्या बागा उभ्या वाळवल्या, म्हणून तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आता त्याच बुरशीचं नवं रूप, टीआर-४, कॅव्हेंडिशच्या मुळाशी लागलं आहे. आपल्याकडं बिहार आणि उत्तर प्रदेशात पोहोचलंसुद्धा. केळी खाता हरखले, हिशेब देता चरकले, ही म्हण करणाऱ्याला हे आधीच कळलं होतं की काय! म्हणून जुन्या वाणांची शोधाशोध चालू आहे. तिरुचिरापल्लीला १९९३ पासून राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे. बेल्जियममध्ये लूवेनला तर १,६०० हून अधिक वाण काचेच्या नळ्यांत, थंडाव्यात, बोटभर उंचीचे ठेवलेले आहेत.

आमची नळी मोरीचीच. न्हाणीघराचं पाणी जिथं जातं तिथं आजीनं जवारी केळ लावली. मुनवा तिनं माहेराहून पिशवीत घालून आणला होता, गुडघ्यांत धरून, एसटीतून. पुढं तो शेजारी गेला, लेकींबरोबर सासरी गेला. कुणाशी बोलणं बंद असलं तरी मुनवा मागायला माणूस यायचाच, आणि आजी नाही म्हणायची नाही. फार तर जरा वाळका द्यायची. आता शेजारच्यांनी परसात फरशी घातली, पलीकडं गाडी उभी राहते. एवढ्यात दोघी-तिघींनी विचारलं, तुमच्याकडं आहे का अजून? आहे. मोरीपाशी आहे, एका बाजूला कलली आहे, पण आहे.

तुम्हाला हवी असेल तर मृगाच्या आसपास या. पिशवी घरची आणा. रुंद पानांचा मुनवा दिसायला गुटगुटीत असतो, तो घेऊ नका. तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचा निवडा, तोच धरतो. आणि चांगला सदरा घालून येऊ नका.