बडीशेपेच्या ताटलीतील दहा रुपये : कुम्हारी मुक्कामी एक विवेचन

सेवेचा ठरलेला मोबदला चुकता केल्यानंतर, सेवा करणाऱ्याच्या हाती खुशीने जी लहानशी वरकड रक्कम ठेवली जाते तिला टिप असे म्हणतात. परंतु ही खुशी नेमकी कोणाची, ती कोणत्या क्षणी उत्पन्न होते आणि खिशात सुट्टे नसतील तर ती उत्पन्न होते की नाही, या प्रश्नांचा उलगडा महानगरातील तारांकित हॉटेलापेक्षा हमरस्त्यावरच्या एखाद्या गावात अधिक स्वच्छपणे होतो. छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील कुम्हारी हे असे एक गाव आहे. भिलाई आणि रायपूर यांच्या दरम्यान, राष्ट्रीय महामार्ग 53 वर, खारून नदीच्या अलीकडे वसलेल्या या गावाला नगरपालिका आहे, रेल्वेस्थानक आहे, मद्यनिर्मितीचा कारखाना आहे, टोलनाका आहे आणि अलीकडे उड्डाणपूलही आहे. येथे मुद्दाम येणारा मराठी प्रवासी मात्र सहसा आढळत नाही. नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी, बाघनदी, राजनांदगाव, दुर्ग आणि भिलाई असे सुमारे पावणेतीनशे किलोमीटर मागे टाकून रायपूरच्या लग्नाला निघालेले कुटुंब येथे केवळ भूक अनावर झाल्यामुळे थांबते, जेवते आणि निघून जाते, आणि जेवणारा व वाढणारा यांची पुन्हा कधीही गाठ पडणार नाही याची दोघांनाही पक्की खात्री असते.

या प्रदेशाशी मराठी माणसाचा पैशाचा व्यवहार नवा नाही. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम छत्तीसगडातील रतनपुरावर चालून आले, पुढे 1758 ते 1787 या काळात बिंबाजी भोसल्यांनी तेथे राहूनच कारभार केला, आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगडातील जमीनदार टाकोळी, म्हणजे दरसाल भरावयाची खंडणीवजा रक्कम, भोसल्यांच्या खजिन्यात जमा करीत राहिले. रक्कम पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहण्याचा हा क्रम शतकभर चालला. त्या मानाने पश्चिमेकडून येऊन कुम्हारीच्या ताटलीत पडणारे दहा रुपये हा परतफेडीचा फारच संथ हप्ता म्हणावा लागेल.

गावगाड्यातील जुन्या व्यवस्थेत असा संभ्रम नव्हता. महाराष्ट्रात बलुतेदारास सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. छत्तीसगडात न्हावी, धोबी, लोहार आदींच्या सेवेची अशीच धान्यावर चालणारी पद्धत पौनी-पसारी या नावाने ओळखली जाते. या दोन्ही पद्धतींत अन्याय पुष्कळ होता, परंतु दाढी झाल्यावर न्हाव्याकडे न पाहता छताकडे पाहात बसण्याची वेळ गिऱ्हाइकावर येत नसे. दिवाळीची पोस्त, म्हणजे सणाच्या निमित्ताने नोकराचाकरांना द्यावयाची रक्कम, हीसुद्धा तिथीला बांधलेली होती. टिपेला मात्र तिथी नाही, दर नाही आणि खळेही नाही.

कुम्हारीच्या आसपास प्रवाशाची पहिली परीक्षा पूर्वी टोलनाक्यावर होत असे. फेब्रुवारी 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा होण्यापूर्वी देशभरच्या नाक्यांवर सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेटच्या गोळ्या देण्याची रीत सर्रास चाले, म्हणजे टिप गिऱ्हाइकाच्या संमतीवाचून कापून घेतली जाई आणि पावती गोळीच्या रूपाने मिळे. आता ती रीत मागे पडल्याने परीक्षा पेट्रोलपंपावर सरकली आहे. पंपावर चाकांत हवा मोफत भरून मिळावी असा नियम असून तशी पाटीही बहुधा लावलेली असते. तरीही हवा भरणारा मनुष्य चारही चाकांवरून हात फिरवून, स्टेपनीची आपुलकीने चौकशी करून, शेवटी काचेपाशी उभा राहतो तेव्हा मोफत हवेचा भाव दहा रुपये असल्याचे उभयतांना न बोलता समजते. हे दहा रुपये देताना कोणीही कुरकुर करीत नाही, कारण उन्हात वाकून बसलेला मनुष्य प्रत्यक्ष दिसलेला असतो. ज्याने डाळीला फोडणी दिली तो आचारी मात्र भिंतीआड असल्याने त्याचे नाव या व्यवहारात कधीच निघत नाही, आणि भांडी घासणाऱ्याचे तर त्याहून नाही.

मुख्य प्रयोग ढाब्यावर होतो. तेथे बिल एकटे येत नाही. स्टीलच्या ताटलीत बडीशेप आणि खडीसाखर यांच्या सोबतीने येते. समजा बिल चारशे साठ झाले आणि लग्नाला निघालेल्या कुटुंबातील काकांनी पाचशेची नोट ठेवली, तर नवखा वाढपी वीसच्या दोन नोटा आणून स्वतःचे नुकसान करून घेतो, कारण वीस हा आकडा काकांच्या उदारतेच्या पलीकडचा असतो. मुरलेला वाढपी एक वीसची नोट, एक दहाची नोट आणि पाचाची दोन नाणी अशी मांडणी करून आणतो, जेणेकरून कोणत्याही आकाराच्या सदसद्विवेकाची सोय व्हावी. त्यानंतर तो निघून जात नाही. शेजारचे टेबल, जे आधीच स्वच्छ असते, ते पुन्हा पुसू लागतो. काका वीस उचलतात, दहा उचलतात आणि बडीशेपेत बोट फिरवीत नाण्यांचा विचार करतात. याच टप्प्यावर काकूंचा हस्तक्षेप होतो.

"अहो, ठेवून द्या न वीस. बाळाचं दूध गरम करून आणलं त्यानं."

"दुधाचे पैसे लावले आहेत त्यानं बिलात."

"दुधाचे लावले. गरम करायचे कुठं लावले?"

टिपेच्या प्रश्नावर आजवर जे काही लिहिले-बोलले गेले आहे त्यात या तिसऱ्या वाक्याइतके नेमके विधान क्वचितच सापडेल. बिलात जे लागले त्याचा हिशेब संपतो. न लागलेले, परंतु प्रत्यक्षात झालेले काम, म्हणजे दुधाचे गरम होणे, म्हाताऱ्यांसाठी पंख्याखालची खाट ओढून देणे, थर्मासात उकळते पाणी भरून देणे, एवढेच टिपेचे खरे क्षेत्र आहे. काकांनी अखेरीस दहा ठेवले, हा तडजोडीचा भाग झाला.

मोबाइलवरून पैसे देण्याच्या पद्धतीने हे सूक्ष्म शास्त्र मोडकळीस आणले आहे. चौकोनी ठिपक्यांचा तो संकेत, म्हणजे क्यूआर कोड, मालकाच्या खात्याला जोडलेला असतो, त्यामुळे त्यावर वीस रुपये जास्त पाठवले तर ते गल्ल्यात जातात आणि वाढप्याच्या वाट्याला केवळ घोषणा येते. कारण गल्ल्यावरचा ध्वनिक्षेपक चारशे ऐंशी रुपये प्राप्त झाल्याचे साऱ्या ढाब्याला ऐकवतो. सुट्टे नाहीत ही सबब, जी पूर्वी लाजत सांगावी लागे, ती आता तंत्रज्ञानाने सन्मान्य केली आहे, आणि एरवी ज्यांनी दहा ठेवले असते असे असंख्य सज्जन आज रिकामे हात हलवीत, अत्यंत आधुनिक मनाने, गाडीत बसतात.

शासनानेही या विषयात लक्ष घातले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी, हॉटेलांनी सेवाशुल्क, म्हणजे बिलातच टक्केवारीने जोडलेली टिप, आपोआप आकारू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांना काही काळ स्थगिती मिळाली आणि 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. कुम्हारीच्या ढाब्यास या वादाशी कर्तव्य नाही, परंतु काका जीएसटीचे पाच टक्के दिसताच "एवढे दिले ना" असे म्हणतात, आणि तो कर वाढप्याच्या घरी जात नाही हे त्यांना पटवणे उच्च न्यायालयासही जड जाईल. रेल्वेने 2019 मध्ये टिप देऊ नये, बिल न मिळाल्यास जेवण फुकट, अशा अर्थाच्या पाट्या गाड्यांतून लावण्याचे ठरवले. मे 2025 मध्ये तर एका टॅक्सी कंपनीला गाडी येण्यापूर्वीच टिप सुचवल्याबद्दल प्राधिकरणाने नोटीस दिली. सेवेच्या आधी दिलेल्या रकमेस मराठीत पूर्वापार जी नावे आहेत ती सभ्य ग्रंथात छापण्याचा प्रघात नाही.

काकांचे चिरंजीव न्यू जर्सीला असल्याने त्यांचे मत वेगळे आणि दूरध्वनीवरून उपलब्ध असते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराचे तासाचे किमान रोख वेतन 1991 पासून 2.13 डॉलर एवढेच आहे आणि 7.25 डॉलरपर्यंतचा उरलेला खड्डा गिऱ्हाइकांच्या टिपेने भरावा, न भरल्यास मालकाने भरावा, अशी योजना आहे; म्हणून तेथे वीस टक्के ठेवणे हे औदार्य नसून पगारवाटप आहे. चिरंजीव हीच टक्केवारी कुम्हारीस लागू करू पाहतात. चारशे साठच्या वीस टक्के म्हणजे ब्याण्णव रुपये, असे काकांच्या कानी पडताच दूरध्वनीची रेंज जाते.

प्रस्तुत विवेचनाचा कल असा की, टिप द्यावयाचीच असेल तर ती हमरस्त्यावर द्यावी. नागपुरातील नेहमीच्या उपाहारगृहात काका जे वीस रुपये ठेवतात त्यामागे उद्याही खिडकीजवळचे टेबल मिळावे हा हेतू असतो, आणि तशा रकमेस गुंतवणूक म्हणणे योग्य. कुम्हारीत उद्या नाही. तेथे ठेवलेल्या रकमेच्या बदल्यात दात्याला काहीही मिळणार नसते, फार तर काकूंची शांतता मिळते, आणि खारून ओलांडून रायपूर येईपर्यंतच्या अर्ध्या तासापुरती तिची किंमत दहा रुपयांहून पुष्कळ अधिक आहे.

या सिद्धान्तास एकच अडचण आहे, ती भाड्याच्या गाडीच्या चालकाची. गिऱ्हाईक घेऊन येणाऱ्या चालकास ढाब्यावर जेवण फुकट असते, हा अलिखित नियम बहुतेक महामार्गांवर पाळला जातो. म्हणजे ज्याच्याकडून बिल येणार नाही त्यालाच गरम पोळी आधी, वरण दुसऱ्यांदा न मागता आणि कांदा सोलून मिळतो, यावरून टिपेच्या आशेने सेवा सुधारते हे मत निकालात निघते. जेवून उठताना काकांचा चालक त्याच वाढप्याच्या खिशात दहाची नोट कोंबतो. तो आठवड्याभरात पुन्हा याच रस्त्याने येणार असल्यामुळे ही गुंतवणूकच होय, असे काकांचे म्हणणे आहे, आणि तसे असेलही. परंतु शून्य रुपये बिलावर दहा रुपये म्हणजे टिप किती टक्के झाली, हे गणित चिरंजिवांनाही अद्याप सुटलेले नाही.