समभुज दिवाणखाना

ॲलन ब्लमलाइन यांनी 1931 साली स्टीरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि दिवाणखान्याला अखेर शिस्त लागली. दोन स्पीकर आणि श्रोता मिळून समभुज त्रिकोण. ट्वीटर कानाच्या उंचीवर. कोपऱ्यात खर्ज फुगतो, म्हणून स्पीकर भिंतीपासून पुढे, नेमके येण्याजाण्याच्या वाटेत.

दिवाण बाल्कनीत गेला, हे योग्यच झाले. आजीची खुर्ची आवाजाच्या परावर्तनात येत होती; भिंतीवर आरसा फिरवून गृहस्थांनी ते सप्रमाण सिद्धही केले. त्रिकोणाचे तिसरे टोक एकच असल्याने कुटुंबाने पाळीपाळीने ऐकावे. पाहुण्यांनी गोधडी पांघरून यावे, म्हणजे प्रतिध्वनी शोषला जाईल.

सारे जुळल्यावर मोठ्या भक्तिभावाने लागली हिराबाई बडोदेकरांची 78 आरपीएमची तबकडी.

ती मोनो आहे.