एकरी किती?

बियाण्याच्या दुकानात आपली जमीन किती, हे माणसाने खरं सांगू नये. "साहेब, तारेवरची लावणार की जमिनीवरची?" असं अदबीने विचारणाऱ्या दुकानदाराला मी "चार कुंड्या" म्हणालो आणि त्याने पुढे सरकवलेली पाकिटं अलगद मागे ओढली. तारेवरची म्हणजे बांबू-तारेवर चढत राहणारी टोमॅटोची जात. जमिनीवरची ठरावीक उंचीला थांबते. आमच्या बाल्कनीत तार आहे. तिच्यावर टॉवेल वाळतात.

पाकिटांवरची स्तुती वाचावी तर काय? 'जाड साल, लांबच्या वाहतुकीस उत्तम.' नारायणगावहून क्रेटमध्ये दबत दबत दिल्ली गाठणाऱ्या टोमॅटोला जाड साल हवीच. शेतकऱ्याचं पोट तिच्यावर आहे. आमची वाहतूक बाल्कनी ते ओटा. वाटेत अडथळा एकच, सोफा. पण मीही हातात पाकीट आल्याबरोबर "एकरी किती निघतो?" असं विचारून बसलो होतो.

खरा प्रश्न खाणार कोण, हा. आईला सारासाठी आंबट, रसाळ टोमॅटो हवा. सौ.ला सँडविचसाठी गरदार. मुलीला चेरी टोमॅटो, कारण तो फोटोत चांगला दिसतो.

आईसाठी 'पुसा रुबी' घेतला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा हा जुना वाण अमेरिकेतल्या 'सू' आणि इकडच्या 'सुधारित मेरठी' या जातींपासून झाला. "अमेरिकेची सून आणि मेरठचा मुलगा? मग आंबटच निघायचा!" आई म्हणाली. सरळ वाण असल्याने त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावता येतं. सौ.साठी बंगळुरूचा 'अर्का रक्षक' आणला. पानं मुरडणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिघांना तो तोंड देतो. मात्र संकरित असल्याने त्याचं बी धरलं, तर पोरं बापासारखी निघतीलच असं नाही.

टोमॅटोच्या फुलाला जोडीदार लागत नाही, हलवणारा लागतो. ते काम वारा किंवा भुंगे करतात. आमच्या पाचव्या मजल्यावर भुंगे येत नाहीत. म्हणून सकाळी ऊन आलं, की मी फुलांच्या देठांना टिचक्या मारत उभा राहतो. पिवळी धूळ बोटाला लागते. समोरच्या बाल्कनीतले काका हात हलवून "येतो, येतो" म्हणतात.

मग फळांची बुडं काळी पडू लागली. सोसायटीतल्या प्रत्येकाने, अगदी कांदासुद्धा न खाणाऱ्या काकूंनीही, "अंड्याची टरफलं घाला" असा सल्ला दिला. फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, हे खरं. पण ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि आमच्या घरी पाण्याची पद्धत म्हणजे रविवारी महापूर, सोमवार ते शनिवार दुष्काळ. पाणी रोज ठरल्या वेळी घालू लागलो तशी नवी फळं धड आली.

पुसा रुबीची साल पातळ. जरा उशीर झाला की तडकते. बाजारात त्याला कोणी विचारणार नाही. घरी त्याचं सार होतं. आणि चेरी टोमॅटो? त्या जातीला वाहतूक अजिबात मानवत नाही. झाडाजवळ मुलगी उभी असली, की बाल्कनी ते ओटा एवढ्याशा अंतरात शंभर टक्के घट येते.