एक नग येझदी

युरोपात बसमधून हिंडून आलेल्या माणसाला प्रवासवर्णन लिहायचा हक्क आपोआप मिळतो. निगडीहून भोसरी, भोसरीहून चाकण आणि अंधार पडायला परत निगडी असा प्रवास करणाऱ्याला मात्र 'काय काय पाहिलंत?' असं कुणी विचारत नाही. फार तर 'कुठली शिफ्ट?' म्हणून विचारतात. हा सगळा मुलूख मी गेल्या वर्षी पालथा घातला. गळ्यात कॅमेरा नव्हता. हातात रॉकेलचा वास मारणारी कापडी पिशवी होती आणि तिच्यात दाजींच्या येझदीचे अवयव.

दाजी म्हणजे आमच्या ताईचे यजमान. मुक्काम यमुनानगर, निगडी. सगळी नोकरी आकुर्डीला, स्कूटरच्या असेंब्ली लाइनवर. १९७२ साली चेतक आली आणि पुढं वर्षानुवर्षं लोक नंबर लावून तिची वाट बघत बसले. त्या काळात दाजी दिवसभर स्कूटर जोडायचे आणि शिफ्ट सुटली की गेटाबाहेर येऊन म्हैसूरच्या येझदीला किक मारायचे. कॉलनीत हा प्रकार फितुरीच्या जवळपास धरला जाई.

येझदी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. किकचा दांडा डाव्या अंगाला. गाडी सुरू झाली की तोच दांडा आत दाबून पुढं फिरवायचा, की त्याचाच गिअर होतो. तेल पेट्रोलमध्येच कालवायचं. मूळ घराणं चेकोस्लोव्हाकियाचं, जावा. १९६१ साली इराणी मंडळींनी म्हैसूरला 'आयडियल जावा' कारखाना काढला, तो १९९६ साली बंद पडला. तेव्हापासून हिचे स्पेअर पार्ट दुकानात कमी आणि नवसानं जास्त मिळतात. २०२२पासून येझदी याच नावाच्या नव्या गाड्या पिथमपूरहून येतात, पण त्यांचा एक नट हिला बसेल तर शपथ.

कायद्यानं हिला विंटेजही म्हणता येत नाही. २०२१ साली केंद्रानं नियम केला: पन्नास वर्षं पुरी झाली की गाडी विंटेज, तिला 'व्हीए' अक्षरांची निराळी पाटी, आणि मग तिनं रोजच्या कामाला रस्त्यावर यायचं नाही. दाजींची गाडी १९८२ची. म्हणजे जुन्या गाडीचा पर्यावरण कर भरण्याइतकी म्हातारी आणि विंटेज म्हणवून घ्यायला कोवळी. दाजी म्हणतात, "हेच बरंय. मखरात बसवायला गणपती आहेत की."

तर अपघात. चाकण म्हटलं की हल्ली लोकांना मर्सिडीज आणि फोक्सवॅगन आठवतात. पण त्या येण्याच्या कितीतरी आधीपासून चाकण हे कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी नावाजलेलं गाव आहे, आणि अजूनही आहे. दाजींच्या पुढं एक टेम्पो चालला होता. त्याच्यावरचं एक पोतं उसवलं आणि डांबरावर कांद्यांची पेरणी झाली. मागून नव्या कोऱ्या मोटारी घेऊन निघालेला ट्रेलर, डावीकडं कंपनीची बस. दाजी मधोमध. पुढचं चाक कांद्यावर आलं, येझदी आडवी झाली आणि घसरत जाऊन दुभाजकाला भिडली. दाजींचा गुडघा खरचटला, तेवढंच. लोक धावून आले. त्यांनी आधी कांदे उचलले, मग दाजींना. तेव्हा कांद्याचे भाव चढे होते, त्यामुळं कुणाला नावं ठेवता येत नाहीत.

टेम्पोतून घरी आलेल्या येझदीकडं बघून ताई म्हणाली, "आता तरी?" पुढच्या चाकाचा आठ झाला होता. फोर्कचे दोन्ही पाइप मागं झुकलेले, हेडलाइटचं डोकं चेपलेलं, टाकीला पोचा. भंगारवाला आला, त्यानं गाडी मनातल्या मनात तोलली आणि किलोवर भाव सांगितला. दाजींनी त्याला चहा दिला आणि हाकललं.

कुठल्याही दुसऱ्या गावात अपघाताची गाडी गॅरेजला जाते. पिंपरी-चिंचवडमध्ये गॅरेजच घरी येतं, कारण गल्लीतला प्रत्येक निवृत्त माणूस कशाचा तरी तज्ज्ञ असतो. संध्याकाळपर्यंत अंगणात समिती बसली. टूलरूममधून निवृत्त झालेले अण्णा खिशात व्हर्नियर घेऊन आले. ते लग्नालाही व्हर्नियर घेऊन जातात. बेअरिंगच्या कारखान्यात उभी हयात काढलेले काका प्रत्येक बेअरिंग कानाशी धरून फिरवत आणि डोळे मिटून "गेलंय" असं म्हणत. तिसरे क्वालिटीतले. त्यांनी काही दुरुस्त करायचा प्रश्नच नव्हता, ते फक्त रिजेक्ट करत. नातवाच्या वहीतले लाल कागद फाडून त्यांनी येझदीला ठिकठिकाणी बांधले, तेव्हा ती नवसाच्या झाडासारखी दिसू लागली.

इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं, हे मी आजही सांगतो. पण अण्णा म्हणाले, "उघडलंच आहे, तर बोअर बघून घेऊ." उघडलंच आहे तर, या तीन शब्दांवर या औद्योगिक पट्ट्यातले निम्मे संसार कर्जात गेले असावेत. बोअर बघितला, त्यात ओरखडा सापडला. मग पिस्टन, मग रिंगा, मग क्रँक. रात्री ताईच्या परातीत क्लचच्या प्लेटी रॉकेलमध्ये भिजत होत्या. ताई कामगाराची बायको; तिला कंपनीची सगळी भाषा येते. ती दाराशी उभी राहून म्हणाली, "तिकडं फाइव्ह एसच्या पाट्या लावत होतात ना? पहिला एस म्हणजे नको ते बाहेर काढणं. काढा."

दाजींचा गुडघा सुजलेला, म्हणून हिंडणं माझ्याकडं आलं.

पहिली मोहीम पुण्याची. गाड्यांच्या सुट्या भागांसाठी नाना पेठेला पर्याय नाही, म्हणून नमुन्यादाखल जुना पिस्टन आणि दोन्ही सायलेन्सर घेऊन मी मेट्रोनं निघालो. पिशवी तपासणीच्या यंत्रातून गेली आणि यंत्रामागचा माणूस उभा राहिला.

"हे काय आहे?"

"सायलेन्सर."

"आणि हे?"

"सायलेन्सर."

"दोन गाड्या?"

"गाडी एकच. सिलिंडरही एकच."

त्यानं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. पिस्टन बघून त्याला जी शंका आली होती ती सायलेन्सरमुळं पक्की झाली असावी. शेवटी त्याच्या वरिष्ठानं सोडवलं. त्याच्या वडिलांची जावा होती. या गाडीचं हे एक बरं आहे, कुठल्याही रांगेत कुणाच्या तरी वडिलांची निघतेच. नाना पेठेत पिस्टन आणि रिंगा मिळाल्या, जरा मोठ्या मापाच्या, म्हणजे आता बोअर त्या मापाला मारून घेणं आलं. फोर्कच्या बुशला मात्र दुकानदारानं हात जोडले.

बुश म्हणजे गनमेटलची एक साधी नळी. जर्मनीच्या मोटारींपासून ऑस्ट्रियाच्या केटीएमपर्यंत आणि २०२३पासून इंग्लंडच्या ट्रायम्फपर्यंत सगळं ज्या पट्ट्यात तयार होतं, तिथं एक नळी मिळायला काय अडचण? मी छाती पुढं काढून भोसरी एमआयडीसीत शिरलो. तो गुरुवार होता. इथली साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे पुण्याच्या माणसाला आयुष्यभर लक्षात राहत नाही. परत गेलो. एका गाळ्यात संगणकावर चालणारी यंत्रं ओळीनं उभी होती. मालक तरुण, नम्र.

"करून देऊ की. महिन्याला किती नग?"

"एक."

"एक हजार?"

"एक. म्हणजे जोडी धरली तर दोन."

"सॅम्पल होय. मग पुढचं शेड्यूल काय?"

"पुढं काही नाही. एवढीच गाडी आहे."

त्याला माझी दया आली. त्यानं मला बसवून नीट समजावलं: या यंत्रावर एक नग काढायला प्रोग्रॅम लिहा, हत्यारं बसवा, पहिले दोन-चार नग वाया घालवा, तेवढ्या वेळात शेजारच्या यंत्रावर कुणाचे तरी शेकडो नग निघतात. लाखभर बुश पाहिजे असतील तर पेनाच्या टोपणापेक्षा स्वस्त, एक पाहिजे असेल तर सोन्याच्या भावानं. "आणि ड्रॉइंग लागेल," तो म्हणाला. ड्रॉइंग म्हैसूरला आणि म्हैसूर बंद. या मुलखाला एक ही संख्याच येत नाही, हे मला तिथं कळलं.

वाकलेले पाइप मात्र भोसरीतच सरळ झाले. एका म्हाताऱ्या फिटरनं ते व्ही-ब्लॉकवर ठेवले, डायल लावला आणि हायड्रॉलिक प्रेसनं असे हळूहळू दाबले की काटा थरथरत शून्याजवळ आला. "पाच शतांश राहू द्या," तो म्हणाला, "रस्त्यात त्याहून जास्त आहे."

तिसरी मोहीम कुदळवाडीची. चिखलीजवळची ही भंगाराची पेठ, खरं तर राजधानीच होती. पण २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेच्या बुलडोझरनी तिथली हजारो बेकायदा बांधकामं पाडली, आणि मी पोचलो तेव्हा पत्र्याच्या शेडांच्या जागी मैदान होतं. एक पोरगा उरलेलं लोखंड गोळा करत होता. येझदीचं चाक म्हटल्यावर त्यानं उत्तरेकडं हात केला. "सगळं चाकणकडं गेलं, काका." माझंही नशीब त्याच दिशेला होतं.

शाहिस्तेखानाला १६६० साली चाकणचा संग्रामदुर्ग घ्यायला जवळजवळ दोन महिने लागले. फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसांनिशी लढला, शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवला तेव्हा कुठं भुईकोट पडला. शाळेत हे वाचताना एवढे दिवस कसे लागले याचं नवल वाटायचं. चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरच्या दोन रांगांमध्ये उभं राहिल्यावर वाटतं, खानानं लवकर उरकलं. माझ्या बसमधल्या एका बाईंनी चौक येईपर्यंत मेथीची जुडी निवडून संपवली.

खराबवाडीकडच्या एका शेडमध्ये अण्णांच्या ओळखीचा टर्नर होता. त्याचं लेथ यंत्र त्याच्याच वयाचं. मी पोचलो तो खंडेनवमीचा दिवस. लेथला झेंडूची माळ, चकावर हळदकुंकू, मायक्रोमीटर पाटावर, पेढ्यांचा पुडा उघडा. "आज हात लावायचा नाही," तो म्हणाला. "बसा, पेढा घ्या." दसऱ्यानंतर पुन्हा चौक ओलांडून गेलो. त्यानं मोडकी बुश बोटात फिरवली, ड्रॉइंग मागितलं नाही, नग विचारले नाहीत. कोपऱ्यातून गनमेटलचा तुकडा काढला. कुठल्याशा परदेशी मोटारीच्या ऑर्डरमधला, मापात एका केसाचा फरक पडला म्हणून परत आलेला. अर्ध्या तासात जोडी तयार. अण्णांच्या व्हर्नियरनं ती पास केली आणि क्वालिटीवाल्यांनी पहिल्यांदा एक लाल कागद सोडला. मजुरी एवढी कमी सांगितली की घासाघीस करायची सोयच राहिली नाही.

चाकाचे स्पोक आवळून आठाचा शून्य केला, टाकीचा पोचा काढला, रंग दिला. आणि एका रविवारी सकाळी समितीसमोर किक मारायचा मुहूर्त आला. पॉइंटचं टायमिंग लावण्यावरून दाजी आणि अण्णांची रात्रीच वादावादी झालेली. दाजींनी किक मारली. दांडा उलटा फिरून पायावर बसला, पण त्याबरोबर गाडी सुरूही झाली. निळा धूर, टाळ्या, ताईसुद्धा बाहेर आली. दाजींनी पहिला गिअर टाकला, हात सोडला आणि येझदी सरळ मागं गेली. तुळशीवृंदावनाला धडकून थांबली.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग बेअरिंगवाले काका म्हणाले, "रिव्हर्स गिअर केव्हा बसवलात?"

दाजींनी गुडघा चोळत खुलासा केला. टू-स्ट्रोकला व्हॉल्व नसतात. पिस्टनच वर-खाली होताना भोकं उघडतो आणि झाकतो. ठिणगी फार लवकर पडली की पिस्टन वर पोचायच्या आतच धक्का बसतो, इंजिन उलटं फिरायला लागतं, आणि त्याला ते चालतंही. मग सगळे गिअर रिव्हर्स. अण्णा एवढंच म्हणाले, "मी काल काय सांगत होतो?" टायमिंग अण्णांच्या मापानं पुन्हा लावलं आणि गाडी पुढं जायला लागली.

चाचणीसाठी दाजींनी चाकणच निवडलं, मी मागं. तळवडे, इंद्रायणी, निघोजे, महाळुंगे. नव्या मोटरसायकलींनी भरलेले कंटेनर शेजारून जात होते, आणि त्यांचे ड्रायव्हर काच खाली करून आमच्याकडं बघत होते. तळेगाव चौकात नेहमीप्रमाणं सगळं थांबलेलं. दाजींनी उभ्या उभ्या दोनदा मूठ पिळली. दोन्ही सायलेन्सरमधून निघालेल्या निळ्या ढगानं आजूबाजूच्या मोटारींच्या काचा पटापट वर गेल्या, मागचे जरा मागं सरले, पुढचे जरा पुढं, आणि आम्हाला वाट मिळाली. मी पुढच्या शंभर पावलांपर्यंत खोकत होतो. दाजी म्हणाले, "पाव्हणं, बघा, बसची गरज नाही."

गाडी आता उत्तम चालते. फक्त त्या दिवशी घरी आल्यावर पाहिलं, तर उजव्या बाजूच्या टूलबॉक्सचं झाकण जागेवर नव्हतं. महाळुंगे ते तळेगाव चौक या दरम्यान कुठंतरी पडलं आहे. रंग गडद लाल, मध्ये पुसट पिवळी रेघ, आतल्या बाजूला अण्णांनी खडूनं लिहिलेलं 'ओके'. कुणाला सापडलं असेल तर कृपा करून किलोवर घालू नका. यमुनानगरात येऊन येझदीवाल्यांचं घर विचारा, कुणीही दाखवेल. चहा मिळेल, झाकणाची किंमत तुम्ही सांगाल ती. एकच नग हवा आहे.