खपत नाही हो!

प्रकाशक ‘खपत नाही हो’ म्हणाला, की समजावं, लेखिका अजून पुरेशी मेलेली नाही.

झोरा नील हर्स्टन ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय लेखिका. ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ ही तिची कादंबरी 1937ची. एका पुस्तकाचं तिला मिळालेलं सर्वांत मोठं मानधन 943 डॉलर 75 सेंट. वरचे सेंटही दिले बरं का, हिशेब चोख! 1960मध्ये फ्लोरिडातल्या सरकारी आश्रयगृहात बाई गेल्या. मूठमातीला वर्गणी काढली, कबरीवर दगड नाही. मागे उरलेले कागद जाळायला घेतले होते. ओळखीचा एक डेप्युटी शेरीफ तिथून चालला होता, त्याने आग विझवली. साहित्य अकादम्या जे करत नाहीत, ते कधीकधी पोलीसखातं करून जातं.

1973मध्ये लेखिका अ‍ॅलिस वॉकर कमरेइतक्या गवतातून ती कबर शोधत गेली. लोकांनी बोलावं म्हणून ‘मी तिची भाची’ अशी थाप मारली आणि दगड बसवला. त्यावर जन्मसाल 1901. खरं 1891. झोराबाईंनी दहा वर्षं चोरली होती. नट्या चोरतात तशी नव्हे. फुकटच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून सव्विसाव्या वर्षी सोळा सांगितलं होतं.

तोवर कादंबरी बाजारातून गायब. मग शिकवणाऱ्या बायकांनी झेरॉक्स काढून ती हातोहात फिरवली. कॉपीराइटवाल्यांनी क्षणभर कानांवर हात ठेवावेत. 1978मध्ये इलिनॉय विद्यापीठाने ती पुन्हा छापली आणि ‘न खपणारं’ पुस्तक लाखांनी खपलं. गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्या एका म्हाताऱ्याची तिने लिहून घेतलेली कहाणी, ‘बॅराकून’, मात्र 2018पर्यंत ताटकळली. कारण? म्हातारा आपल्या बोलीत बोलत होता. प्रकाशकांना तो शुद्ध भाषेत हवा होता.

हसू नका. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकानात बसून लिहायच्या आणि घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून वह्या लपवून ठेवायच्या. वीसेक वर्षं. भाषातज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांच्या ते कानावर आलं, त्यांनी पाठपुरावा केला, म्हणून ‘जिणं आमुचं’ 1986मध्ये पुस्तक होऊन आलं. आमच्या दलित बाईची वही हुडकायला मूळची अमेरिकेची बाई लागली. आम्ही बहुधा परिसंवादात होतो.

हल्ली संग्राहक उदंड आहेत. अमेरिकी कादंबरीकार टोनी मॉरिसनचा अख्खा संच, पाठकणे रंगसंगतीने लावलेले, त्याचा फोटो. ‘जिणं आमुचं’ आहे का विचारलं, तर ‘मुलीला एम.ए.ला होतं ना, रद्दीत गेलं असेल.’ आणि मॉरिसन वाचायला मागितली, की यजमानांचा चेहरा पडतो: ‘देत नाही हो, लोक परत करत नाहीत.’

अहो, न करोत! फार जीव तुटला तर दुसरी प्रत विकत घ्या. लेखिका हयात असेल, तर दगडाआधी चार पैसे तरी तिच्या हातात पडतील.